पुलापलीकडची यादी

३ जून

चि. ठकीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दीड महिना लावला, रागावू नकोस. आधी चष्म्याची काडी मोडली. मग जिन्यात पाय मुरगळला. मग तिकिटं कुठे ठेवली ते आठवेना, ती शेवटी साखरेच्या डब्यामागे सापडली. ही कारणं खरी आहेत, पण मुख्य कारण वेगळं आहे. तू विचारलंस त्यावर काय सांगावं हे ठरत नव्हतं. फोन करा म्हणशील, तर फोनवर मला सगळे पाण्याखालून बोलल्यासारखे वाटतात. पत्र बरं. पत्र दोनदा वाचता येतं.

तुझं लिहिलेलं मला समजलं तसं सांगतो. तुमच्या खात्यातला जुना माणूस नोकरी सोडून गेला. आता त्या प्रोग्रॅमचा जुना भाग एकट्या तुलाच कळतो. तुमच्या वरच्या बाई, ज्यांना तुम्ही मागून मुकादमबाई म्हणता, त्या सगळ्यांच्या मागे लागल्यात की डोक्यात आहे ते लिहून काढा, दोघा-दोघांनी एका टेबलावर बसून काम करा, एकाचं काम दुसऱ्याला आलं पाहिजे. आणि गेल्या वर्षी तुमच्याकडून चार माणसं कमी केली, म्हणून तुला धास्ती वाटते. बरोबर ना?

मी सहावी पास. कॉम्प्युटरचं मला काय कळणार. पण नोकरी कशी टिकवायची ते कळतं. गिरणीत रंगखात्याच्या बॉयलरवर मी एकतीस वर्षं काढली. तीन मॅनेजर आले नि गेले, दोनदा माणसं काढली, माझ्या नावावर कधी काट पडली नाही. का? तर तो बॉयलर माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हता. त्याची पाण्याची काच लबाड होती. काचेत पाणी अर्ध्यावर दिसायचं आणि आत ठणठणाट. काय केलं की खरं पाणी दिसतं, ते मला ठाऊक होतं, आणि मी ते कधी कागदावर उतरवलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. तू सगळं लिहून दिलंस की तुझ्या जागी निम्म्या पगाराचा माणूस आणायला त्यांना कितीसा वेळ लागणार? बाईंना 'हो हो' म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यावर ढकलायचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तर अडू दे त्यांना. गाढव व्हायला लाजू नकोस, गाढवाची नोकरी कायम असते.

जेवणाच्या वेळा पाळ. तुझी आई असती तर हेच म्हणाली असती. खोलीच्या दाराची वरची कडी लावतेस ना?

तुझा
मामा


१४ जून

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

वरची कडी लावते. खालचीही लावते. पाय कसा आहे ते लिहिलं नाहीत.

तुमचं पत्र मी दोनदा नाही, चारदा वाचलं. तुम्हाला सगळं बरोबर समजलं आहे, फक्त आमचा प्रोग्रॅम काय करतो ते सांगायचं राहिलं होतं. शहरात कुणी ॲम्ब्युलन्ससाठी फोन केला की कंट्रोल रूममधली बाई पत्ता टाइप करते. कोणत्या गाडीतळावरून गाडी जाईल ते आमचा प्रोग्रॅम ठरवतो आणि त्या तळावरच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर हुकूम उमटतो. तिथले लोक तो बघून निघतात. बस्स.

आता हे प्रकरण पंधरा वर्षं जुनं. ज्यानं ज्यानं हात लावला त्यानं आपल्या सोयीनं एक खोली वाढवली, जिना मात्र कुणी बांधला नाही. साधी गोष्ट बघा. गाडीतळांची एक यादी आहे. पण पूर्वी कधीतरी मोठा पूल दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा पुलापलीकडच्या वस्त्यांसाठी कुणीतरी घाईघाईनं दुसरी यादी लिहिली, तीही भलत्याच कोपऱ्यात. पूल सुरू झाला, यादी तशीच राहिली, आणि पलीकडच्या वस्त्या आजही तीच वाचतात. म्हणजे एखादा तळ बदलला तर दोन ठिकाणी बदल करावा लागतो. पहिली यादी सगळ्यांना माहीत आहे. दुसरी फक्त मला. दोन्हींची एक करून टाकायचं काम मी वर्षभर मनातल्या मनात पुढे ढकलते आहे.

तुमचा सल्ला ऐकायला सुरुवात केली. आमच्याकडे नवा आलेला एकजण आहे, सगळे त्याला चष्मिस म्हणतात. चांगला आहे, पण प्रश्न फार. परवा खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला.

"या भागाला हात लावण्याआधी काय बघायचं असतं?"

"हात लावायचाच नसतो," मी म्हटलं. "मला सांग, मी करते."

"आणि तू नसलीस तर?"

"मी कुठे जाते आहे?"

तो हसला आणि खुर्ची घेऊन परत गेला. मला जरा वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. आमच्याकडे नियम आहे की प्रत्येक बदल दुसऱ्या कुणीतरी वाचायचा, मगच पुढे सोडायचा. त्या जुन्या भागाचे बदल वाचायला मुकादमबाई मलाच हाक मारतात. पूर्वी नावही नीट घेत नसत.

आणखी एक. तुमचं पत्र यायच्या आधीच मी चौदा पानं लिहून काढली होती. सगळं, दुसऱ्या यादीसकट. बाईंना द्यायची होती. आता ती टेबलाच्या खणात आहेत, कुलपात.

तुमची
ठकी


२ जुलै

चि. ठकीस,
आशीर्वाद.

पानं दिली नाहीस हे फार चांगलं केलंस. चष्मिसासारखी माणसं मी पाहिली आहेत. गोड बोलून विद्या काढून घेतात. सावध राहा.

आता माझं ऐक. घाबरून जाऊ नकोस, पण माझं ऑपरेशन ठरलं आहे. पोटाचं. बावीस जुलैला दाखल व्हायचं, तेवीसला टेबलावर. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. या वयात टेबलावर चढलेला माणूस उतरेलच असं नाही. कपाटाची किल्ली कुठे आहे, घराचे कागद कुठे आहेत, हे कुणाला तरी दाखवून ठेवलं पाहिजे, आणि तुझ्याशिवाय मला कोण आहे?

दोन दिवस ये. आणि एक मागणं आहे, हट्ट समज. मागच्या वेळी आलीस तेव्हा चार घास खाईपर्यंत तुझा तो फोन सहा वेळा वाजला. या वेळी दोन दिवस तो बंद ठेव. मला ऐकू कमी येतं, पण तुझं तोंड माझ्याकडे असलं की निम्मं समजतं. तू फोनकडे बघून बोललीस की काहीच समजत नाही.

येताना पांघरूण आण, हॉस्पिटलातली पांघरुणं कोण धुतो कुणास ठाऊक.

तुझा
मामा


४ ऑगस्ट

ती. मामांस,
नमस्कार.

टाके काढले असतील. खोकताना पोटावर उशी धरायला नर्सनं सांगितलं होतं, ते करा.

मी इथे पोचल्यावर लगेच लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. आता सगळं एकदाच लिहिते.

तेवीस तारखेला तुम्ही टेबलावर होतात त्या सकाळी इथे नदीकाठच्या गाडीतळाच्या छताचा एक भाग खाली आला. कुणाला लागलं नाही. गाड्या आणि माणसं दुसऱ्या तळावर हलवली. कंट्रोल रूमनं आमच्याकडे सांगितलं की नदीकाठचा तळ यादीतून काढा. चष्मिस होता. त्यानं मला फोन लावला, तो बंद. अकरा वेळा लावला, मी नंतर मोजलं. मग त्यानं यादीतून तळ काढला. बदल वाचायला माणूस हवा, तर तो भाग वाचणारी मीच. मुकादमबाई म्हणाल्या, एका ओळीचा तर बदल आहे, सोडून दे. त्यानं सोडला.

दुसरी यादी कुणाला माहीतच नव्हती.

सव्वाअकरापासून पुलापलीकडून आलेला प्रत्येक फोन नदीकाठच्या बंद तळाकडे जात राहिला. भिंतीवरचा स्क्रीन चालू होता, त्यावर हुकूम उमटत होते, बघायला तिथे चिटपाखरू नव्हतं. कंट्रोल रूममधल्या बाईला मात्र 'पाठवली' असं दिसत होतं. असे तीन फोन आले. एक पाय मोडलेला माणूस होता, तो रिक्षानं गेला. एक चक्कर येऊन पडलेली म्हातारी होती, ती आपोआप उठून बसली. तिसरी एक शेहेचाळीस वर्षांची बाई. शिवणकाम करायची. तिला दमा होता. नवरा सत्तावीस मिनिटं फोनवर होता आणि त्याला दर वेळी सांगितलं गेलं की गाडी निघाली आहे. निघाली आहे म्हणतात म्हणून तो तिला उचलून खाली घेऊन गेला नाही. जिन्याच्या वळणावर उभा राहून रस्त्याकडे बघत बसला.

ती गेली, मामा.

त्या वेळी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून तुमच्यासाठी संत्रं सोलत होते.

चष्मिसाला घरी बसवलं आहे. वीस ऑगस्टला चौकशी समितीसमोर सगळ्यांना बोलावलं आहे. मला अजून कुणी काही विचारलेलं नाही. विचारणार तरी काय? मी रजेवर होते. दुसरी यादी मला ठाऊक होती हे फक्त मला ठाऊक आहे. आणि तुम्हाला.

चौदा पानं खणात आहेत.

ठकी


८ ऑगस्ट

चि. ठकीस,

पत्र आजच मिळालं, आजच उत्तर टाकतो.

आधी ती पानं जाळ. फाडू नकोस, फाडलेलं जोडता येतं. जाळ आणि राख मोरीत सोड.

तू रजेवर होतीस. रजा मंजूर होती. त्या दिवशी तू तिथे नव्हतीस, तेव्हा तुझा संबंध नाही. ज्यानं हात लावला त्याची चूक. तू त्याला आधीच सांगितलं होतंस की हात लावू नकोस म्हणून. समितीनं विचारलं तर इतकंच सांग, मी सांगितलं होतं. ते खोटंही नाही.

ती बाई गेली, वाईट झालं. पण तू बोललीस म्हणून ती परत येणार आहे का? विचारलेलं नसताना आपण होऊन सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तुझं सगळं आयुष्य पडलं आहे पुढे. चौकशीत माणसाच्या कपाळावर एकदा शिक्का बसला की तो पुसत नाही, मी पाहिलं आहे.

मला झोप लागत नाही. पोटाचं काही नाही, तुझीच काळजी. जाळलीस की एका ओळीत कळव. 'काम झालं' एवढंच लिही, जास्त लिहू नकोस, पत्रं कोण उघडतं काही सांगता येत नाही.

मामा


१२ ऑगस्ट

ती. मामांस,

जाळली नाहीत.

काल त्या बाईचा नवरा आमच्या इमारतीत आला होता. खाली बाकावर बसला होता. वॉचमननं दोनदा हटकलं, तो उठला नाही. मी जेवायला खाली उतरले तेव्हा वॉचमन मला म्हणाला, "ताई, तुम्ही तरी बघा. काही मागत नाही, काही बोलत नाही, नुसता बसलाय." मी पाणी नेऊन दिलं. तो ते प्यायला आणि त्यानं ग्लास रुमालानं पुसून परत दिला.

"तुम्ही त्याच ऑफिसात का?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "नाही. मी वरच्या मजल्यावर, दुसऱ्या कंपनीत."

"मग तुम्हाला ठाऊक नसणार," तो म्हणाला. "मला एवढंच विचारायचं होतं, की गाडी निघाली असं ज्यानं सांगितलं, त्याला तसं कशावरून वाटलं?"

मला उत्तर पाठ आहे, मामा. एका ओळीचं आहे. मी ग्लास घेऊन वर आले.

चष्मिसाच्या घरीही गेले होते. त्याच्या आईनं दार उघडलं. तो आत भिंतीकडे तोंड करून निजला होता, भर दुपारी. मला म्हणाला, "मी सगळी फाइल वाचली होती गं. दोनदा वाचली. मला ते दिसलं कसं नाही?" ते त्या फाइलमध्ये नव्हतंच, हे मी त्याला सांगितलं नाही. 'होईल सगळं ठीक' म्हणाले.

आता एक विचारते. तुम्ही लिहिता, 'चौकशीत शिक्का बसला की पुसत नाही, मी पाहिलं आहे.' कुणाचा पाहिलात? आई एकदा म्हणाली होती की तुमच्या बॉयलरवर कुणीतरी भाजलं होतं आणि त्यानंतर तुम्ही महिनाभर धड जेवत नव्हतात. मी लहान होते, पुढे तिनं विषय बदलला. कोण होता तो?

ठकी


१६ ऑगस्ट

चि. ठकीस,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, एसटी स्टँडवर ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो. वीस तारखेच्या आत तुला मिळालंच पाहिजे.

तो माझा जोडीदार होता. अंगानं काटकुळा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. एका पाळीला मी, एका पाळीला तो. माझ्याच वयाचा, दोन मुलींचा बाप.

त्या बॉयलरच्या काचेखाली एक कॉक, म्हणजे तोटी, होता. तो उघडून वाफ सोडली की काचेतलं खोटं पाणी निघून जातं आणि खरं दिसतं. हे कुठल्याही बॉयलरवाल्याला ठाऊक असतं. पण आमच्या बॉयलरच्या नळीत क्षार साचला होता. तिथे कॉक तीनदा सोडावा लागे. पहिल्या दोन वेळा काच पुन्हा खोटंच सांगायची. हे तीनदाचं गुपित माझं. त्याची पाळी सुरू व्हायच्या आधी मी स्वतः पाणी भरून, सगळं बघून जायचो, म्हणून त्याचं निभत होतं. त्यानं मला एकदा विचारलंही होतं, "काय रे, तू कॉक इतका वेळ का खेळवतोस?" मी म्हणालो, "या काचेला माझाच हात लागतो." सगळे हसले. तोही हसला.

सव्वीस वर्षांपूर्वी नवा मॅनेजर आला आणि माझी बढती अडवून बसला. मला राग आला. म्हटलं, दाखवतोच यांना माझ्याशिवाय काय होतं ते. तीन दिवसांची रजा टाकली. आजारी नव्हतो, ठकी. घरात बसून होतो. मनात म्हणत होतो, बंद पडू दे एकदा, येतील पाय धरत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पैलवानानं कॉक एकदा सोडला, काचेत अर्धं पाणी बघितलं आणि विश्वास ठेवला. आत पाणी नव्हतं. नळ्या लाल झालेल्या. मग काही वेळानं त्यानं नेहमीसारखं पाणी सोडलं आणि तापलेली नळी फुटली. वाफ समोर उभ्या असलेल्या माणसाला काय करते ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलातच वारला.

चौकशी झाली. मला विचारलं, तुम्ही त्याला हे शिकवलं होतं का? मी म्हणालो, सगळं शिकवलं होतं, त्याचा निष्काळजीपणा. खाली सही केली. त्याच्या बायकोला काही मिळालं नाही, कारण चूक त्याची ठरली. मला मात्र बढती मिळाली. आता बॉयलर खरोखरच माझ्या एकट्याचा होता.

तुझी आई मला न जेवण्यावरून बोलत होती, कारण तिला वाटायचं मला मित्राचं दुःख झालं आहे.

आणखी एक सांगायचं आहे. माझं ऑपरेशन साधं हर्नियाचं होतं. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, दुसऱ्या दिवशी घरी जाल, सोबत नसली तरी चालेल. 'काही सांगत नाहीत' हे मी माझ्या मनचं लिहिलं. तू यावंस म्हणून. फोन बंद ठेव म्हणालो तेही तू माझ्यासमोर दोन दिवस राहावीस म्हणून.

मागच्या पत्रात लिहिलेलं ऐकू नकोस. समितीला पानं दे. मी तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही. पण पैलवानाच्या मुलींना शाळा सोडावी लागली नसती. सहा महिन्यांनी मी त्यांना रंगखात्याच्या फाटकात कामाला उभं राहिलेलं पाहिलं आणि मागच्या दारानं आत गेलो. त्यानंतर एकतीस वर्षं पुरी होईपर्यंत मी मागच्याच दारानं आत जात होतो.

मामा


२९ ऑगस्ट

ती. मामांस,

तुमचं पत्र वीस तारखेला संध्याकाळी मिळालं. ड्रायव्हरची गाडी वाटेत बंद पडली होती. मी सकाळीच समितीसमोर सांगून आले होते.

तिघं होते. मी पानं टेबलावर ठेवली. सातव्या पानावर दुसरी यादी आहे, वर जूनची तारीख आहे. त्यातल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही कुणाला दिलं का नाही?" मी म्हटलं, "दिलं असतं तर माझी गरज उरली नसती असं मला वाटलं." त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. तुमचं नाव घेतलं नाही. सल्ला तुमचा होता, पण कुलूप मी लावलं.

चष्मिसाला परत घेतलं, त्याच्या कागदावर एक ठपका ठेवून. मुकादमबाईंनाही ठपका. मला सप्टेंबरअखेर जायचं आहे. तोवर मी रोज त्याच्याशेजारी बसून जुन्या भागातली एकेक फाइल वाचते. तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. पहिल्या दिवशी फक्त एवढं म्हणाला, "त्या दिवशी माझ्या घरी आलीस तेव्हाही तुला माहीत होतं." मी हो म्हटलं. त्यानं पुढची फाइल उघडली.

चौदा पानांतली तीन पानं आता चुकीची आहेत. ती खणात पडलेली असताना मीच प्रोग्रॅममध्ये बदल करत राहिले आणि ते पानांवर उतरवले नाहीत. आणि गेल्या गुरुवारी चष्मिसाला आणखी एक जागा सापडली, एकच गोष्ट दोनदा लिहिलेली. ती मलाही ठाऊक नव्हती. सगळं एकटीलाच कळतं म्हणून मी मान ताठ करून बसले होते, ते सगळं नव्हतंच.

दोन्ही याद्यांची आता एक केली. चार दिवसांचं काम होतं. वर्षभर पडलेलं.

त्या बाईच्या नवऱ्याकडे गेले होते. दोन खोल्या, खिडकीत शिवणयंत्र, त्यावर कापड तसंच सुईखाली. मी वरच्या मजल्यावरची नाही, हे सांगितलं. सगळंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे ठाऊक असलेलं माणूस होतं." मी म्हटलं, "होतं." त्यांनी विचारलं, "पुन्हा असं कुणाचं होईल का?" मला नाही म्हणता आलं नाही, मामा. अजून अर्ध्या फाइली वाचायच्या आहेत. ते उठले, दार उघडून उभे राहिले, आणि मी निघाले.

तुमचं पत्र मी त्या रात्री वाचलं आणि मग तुमचं जूनचं पत्र काढून पुन्हा वाचलं. गाढवाची नोकरी कायम असते, असं तुम्ही मला गमतीनं लिहिलंत तेव्हा पैलवान जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. हे मला राहून राहून आठवतं. ऑपरेशनचं खोटं मी विसरेन कदाचित. एकट्या म्हाताऱ्यानं बोलावलं, इतकंच ते आहे. हे दुसरं कसं विसरायचं ते कळत नाही.

मी काही दिवस लिहिणार नाही. औषधं वेळेवर घ्या.

ठकी


११ ऑक्टोबर

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राला मी सप्टेंबरात दोन उत्तरं लिहिली. पोचली असतील. कदाचित तू खोली बदलली असशील, नोकरी सुटली म्हणजे भाडं परवडत नसेल. म्हणून हे पत्र तुझ्या घरमालकिणीच्या नावानं, आत तुझी चिठ्ठी अशा रीतीनं टाकतो आहे. त्या तुला देतील असं वाटतं.

माफी मागायला लिहीत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं तुझ्यावर टाकण्याचा मला हक्क नाही. माझी बाजूही मांडत नाही. बाजू नाहीच.

फक्त विचारतो. दुसरं काम मिळालं का? नवीन ठिकाणी विचारत असतील, आधीचं का सोडलं, तेव्हा तू काय सांगतेस? खरंच सांगत असशील, मला ठाऊक आहे, आणि त्याचीच धास्ती वाटते. त्या अर्ध्या फाइली वाचून झाल्या का? चष्मिस पुढे वाचतो आहे का, की त्यालाही दुसरीकडे हलवलं? वर्तमानपत्रात ॲम्ब्युलन्स हा शब्द दिसला की मी ती बातमी शेजारच्या मास्तरणीकडून मोठ्यानं वाचून घेतो, आणि गाव दुसरंच निघेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. ती विचारते, "काका, तुमचं कोण आहे त्यात?" मी काही सांगत नाही. आता सांगायला हवं, नाही का?

पोस्टमन अकराच्या सुमारास येतो. मी साडेदहापासून खाली पायरीवर बसतो. त्याला वाटतं उन्हाला बसतो. परवा म्हणाला, "काका, नाही काही. असलं तर मी वर आणून देईन." तरी बसतो.

लांबलचक लिहू नकोस. माझं काय चुकलं ते लिहायचं असेल तर तेवढंच लिही. शिवी दिलीस तरी चालेल, अक्षर तुझं असू दे. पण लवकर लिही.

मामा